इंदुरात एकच संध्याकाळ हाताशी : सराफा की छप्पन दुकान?

उज्जैन-ओंकारेश्वरची सहल ठरली की मुक्काम बहुतेक वेळा इंदुरातच पडतो. महाकाल तिथून पंचावन्न किलोमीटरवर, ओंकारेश्वर ऐंशीच्या आसपास. दोन ज्योतिर्लिंगं, जमलं तर महेश्वर, आणि मग उरते इंदूरची एखादी संध्याकाळ. तिथे घरात वाद सुरू होतो. एक म्हणतो सराफ्याला जाऊ, दुसरा म्हणतो छप्पनला. 'दोन्हीकडे जाऊ' म्हणणारा तिसरा पोटाचा हिशेब न करता बोलत असतो.

सराफा म्हणजे राजवाड्याजवळचा सोन्याचांदीचा बाजार. दिवसा तिथे दागिने विकले जातात. रात्री आठ-साडेआठनंतर पेढ्यांची शटरं खाली येतात आणि त्याच ओट्या-पायऱ्यांपुढे कढया, तवे, पराती मांडल्या जातात. नऊच्या आत गेलात तर निम्मा बाजार अजून मांडायचाच असतो. खरा रंग दहानंतर, तो मध्यरात्र उलटेपर्यंत. छप्पन दुकान तिथून चारेक किलोमीटरवर, न्यू पलासियात. छप्पन दुकानांची रांग, नाव त्यावरूनच पडलेलं. 2020 साली स्मार्ट सिटीच्या कामात हा सगळा पट्टा नव्याने केला. समोरचा रस्ता गाड्यांना बंद, बसायला बाक, झाडं, दिवे. सकाळपासून रात्री दहा-साडेदहापर्यंत तिथे काही ना काही मिळतं. स्वच्छतेवरून मात्र भांडू नका. 'क्लीन स्ट्रीट फूड हब' असं एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, प्रमाणपत्र दोघांनाही मिळालेलं आहे.

चवीच्या आधी घड्याळ बघा. महाकालची भस्मारती पहाटे चारला. बुकिंग हातात असलं तरी त्याच्या बऱ्याच आधी रांगेत उभं राहायचं असतं, आणि इंदुरातून निघायचं म्हटल्यावर झोप नावालाच. अशा रात्री सराफा विसरा. छप्पनला सातला जा, नऊला खोलीवर परत या. उलट, दर्शन आटोपलेलं असेल आणि दुसऱ्या दिवशीची गाडी उशिराची असेल, तर सराफा सोडू नका.

त्यानंतर गुडघे. सराफ्यात टेकायला जागा जवळजवळ नाहीच. द्रोण हातात घेऊन उभ्या उभ्या खायचं आणि मागच्याचा धक्का आला की पुढे सरकायचं. शनिवारी रात्री तर विसर्जनाच्या दिवशी पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर होते तशी गत होते. सत्तरीच्या आत्याला किंवा बाबागाडीतल्या बाळाला तिथे नेऊन कुणाचंच खाणं सुखाचं होत नाही. छप्पनला त्यांना बाकावर बसवायचं आणि आपण दुकानं फिरून एकेक प्लेट आणून द्यायची. ही सोय लहान वाटते, पण माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो.

आता खाण्याकडे वळू. काही गोष्टी दोन्हीकडे मिळतात, त्यांच्यावरून अडून बसू नका. खोबरा पॅटिस हा त्यातला पहिला: वर बटाट्याचं आवरण, आत ओल्या खोबऱ्याचं गोडसर-तिखट सारण, आपल्या उपासाच्या पॅटिसचा जवळचा नातेवाईक. विजय चाट हाउसचे पॅटिस सराफ्यातही आहेत आणि छप्पनलाही. शिकंजीचंही तेच. लिंबाचं सरबत समजून मागाल तर चकाल. माळव्यातली शिकंजी आटवलेल्या दुधाची, दाट, केशर-सुकामेव्याची असते. सराफ्यात नागोरीची, छप्पनला मधुरमची. एक ग्लास दोघांत पुरतो. जेवणानंतर तर चौघांत.

सराफ्याचं म्हणून जे आहे ते मात्र दुसरीकडे तसं भेटत नाही. जोशींचा दहीवडा घ्या. द्रोणात वडा, त्यावर घुसळलेलं घट्ट दही. आणि तो द्रोण सरळ हवेत उडवला जातो, गिरकी घेऊन खाली येतो, दह्याचा थेंब सांडत नाही. मग एकाच चिमटीत पाच मसाले, आणि त्यातून एकेक वेगळा सोडत जाणं: आधी एक, मग दुसरा, असे पाचही. तमाशा म्हणून बघायला लोक थांबतात, हे खरं. पण दही ताजं आणि वडा आतपर्यंत मऊ असतो, म्हणून तमाशा माफ.

भुट्ट्याचा किस हा घरगुती माळवी पदार्थ. मक्याची कणसं किसणीवर किसून, तुपात हिंग-जिऱ्याची फोडणी देऊन, तो कीस दुधात शिजवतात. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबू. दिसायला साधा, उपम्याचा भाऊ वाटेल असा, आणि म्हणूनच मुलं नाक मुरडतात. मोठ्यांनी मुरडू नये. कोवळ्या कणसांच्या दिवसांत, म्हणजे पावसाळ्यात आणि त्यानंतर, तो उत्तम लागतो. मात्र भर पावसात उघड्या गल्लीत छत्री सांभाळत खाणं हा वेगळा ताप आहे.

आणि गराडू. हा थंडीतला कंद, आपल्या कोनफळाच्या गोतातला. सोलून, चौकोनी फोडी करून आधी एकदा तळून ठेवतात, गिऱ्हाईक आलं की पुन्हा कढईत टाकतात. बाहेरून कुरकुरीत होतो, आत पिठूळ राहतो. वर लिंबू पिळायचं आणि जीरावन भुरभुरायचं. जीरावन म्हणजे जिरं, आमचूर, सुंठ, हिंग, काळं मीठ वगैरेंचा माळवी मसाला. इंदुरात तो पोह्यापासून काकडीपर्यंत कशावरही पडतो. डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर फक्त गराडूसाठी मी सराफ्याच्या बाजूने मत देईन. मे महिन्यात तो नाही, आणि मग तराजू बराच छप्पनकडे झुकतो.

साबुदाण्याची खिचडी दिसली म्हणून 'घरचीच की' करून पुढे जाऊ नका. इथे ती तुपाच्या फोडणीत परतलेली नसते. वाफेवर मोकळा केलेला साबुदाणा, आणि समोर उभं राहिल्यावर त्यात मसाला, लिंबू, बटाट्याचा फराळी चिवडा कालवून देतात. शेंगदाण्याच्या कुटावर वाढलेल्या जिभेला ती कोरडी वाटेल. मला आवडते; बायकोला नाही.

गोडाचं थोडक्यात: सराफ्यात ताटलीएवढा जलेबा आणि रबडी, मालपुवे, मावाबाटी. एकट्याने जलेबा मागवणं ही हौस आहे, भूक नव्हे.

छप्पनची बाजू पडकी समजू नका. सराफा शाकाहारी. सामिष हवं असेल तर छप्पनला जॉनी हॉट डॉग आहे, सत्तरच्या दशकापासूनचं. नाव विलायती असलं तरी तव्यावर भाजलेला गोल पाव, आत टिक्की. अंड्याचं बेंजो, म्हणजे पावातलं आमलेट, आणि मटणाचंही मिळतं. सोबत पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा असेल तर त्याचं मत आधीच पडलेलं आहे. शिवाय एका घरात चार तऱ्हा असतील, एकाला चाट, दुसऱ्याला डोसा, तिसऱ्याला नुसती कॉफी, तर छप्पन सगळ्यांना सांभाळून घेतं. जुन्या शहराचा वास मात्र तिथे नाही. रांग नीटनेटकी आहे, फोटो छान येतात, आणि कुठल्याही मोठ्या शहरात बसल्यासारखं वाटतं. अर्थात सराफ्यातही गेल्या काही वर्षांत नूडल्स-मोमोजच्या गाड्या घुसल्या. दिसल्या तर त्यांच्यापुढे न थांबता चालत राहायचं.

दोन्हीकडे एक पथ्य पाळा: एक प्लेट, दोन-तीन चमचे. पहिल्याच ठिकाणी पोट भरलं की गराडू, दहीवडा नुसते बघत फिरावं लागतं.

आणि पोह्यांची चिंता या वादात आणू नका, ते सकाळचं काम. मुंबईहून अवंतिका एक्स्प्रेसने सकाळी उतरलात की राजवाड्याच्या परिसरात जा. होळकरांच्या या गावात मराठी उपाहारगृहं जुनीच आहेत. प्रशांतमध्ये उसळ-पोहे मिळतात. नुसते इंदुरी पोहे मागवलेत तर ते वाफेवरचे, बडीशेपेचा किंचित गोडवा असलेले. वर शेव, जीरावन, कांदा, आणि बाजूला जिलबी. जिलबी वेगळी खाऊ नका, पोह्यांच्या घासाबरोबरच खा. निघताना जीरावनचं पाकीट घेणार असाल तर लहानच घ्या, उघडल्यावर त्याचा वास फार दिवस टिकत नाही.