ऊस लावू की भात-मसूर? येळ्ळूर-शहापूर शिवारातल्या दोन एकरांचा हिशेब

नोकरी संपवून बेळगावजवळच्या आमच्या गावच्या रानाकडे वळलेल्या दोघा-तिघांनी यंदा मला हेच विचारलं. आकडे आधी सांगतो, कारण आकड्यांत ऊस जिंकतो आणि ते झाकून काही उपयोग नाही.

2025-26 च्या हंगामाला केंद्राने एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, टनाला 3550 रुपये धरली, तीही 10.25 टक्के साखर उताऱ्याला. तोडणी-वाहतूक त्यातूनच जाते. नोव्हेंबर 2025 मध्ये जिल्ह्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर रयत 3500 मागत ठाण मांडून बसले, तेव्हा कर्नाटक सरकारने उताऱ्याच्या अटीसह 3300 जाहीर केले. त्यातले 50 सरकारचे. एकरी 35 टन धरा, लाखाच्या वर जातं. इकडे 2025-26 च्या पिकाला साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला 2369 आणि मसुरीचा 7000 होता. एकरी 18 क्विंटल भात नि 2 क्विंटल मसूर धरली तरी सगळे मिळून 57 हजारांच्या आत. उसाचा खर्च जास्त आणि रान वर्षभर अडकतं, हे वजा केलं तरी ऊस पुढेच.

पण हे दोन भाव एका जातीचे नाहीत. एफआरपीला गिऱ्हाईक बांधलेलं आहे, कारण जिल्ह्यात वीसच्या वर कारखाने आहेत आणि साखर नाही खपली तर इथेनॉल आहेच. मसुरीचा हमीभाव मात्र बहुतेक वेळा कागदावरच राहतो. सरकारी खरेदी केंद्र उघडलं नाही तर व्यापारी देईल तोच भाव. मूठभर दाणे तळहातावर चोळून तो म्हणतो, "बारीक आहे हो, बाहेरची मोठी येते." बाहेरची म्हणजे कॅनडा-ऑस्ट्रेलियाची. भाताचंही तेच. बेळगाव बासमती शिजताना गल्लीभर घमघमते, पण हमीभावाच्या कोष्टकात वासाला रकाना नाही.

उसाचं गिऱ्हाईक बांधलेलं असलं तरी पैसे बांधलेले नसतात. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार 14 दिवसांत बिल मिळायला हवं, उशीर झाला तर 15 टक्के व्याज. आमचं एक बिल तीन महिन्यांनी आलं आणि व्याजाचं नावही कुणी काढलं नाही. कारखान्याचं नाव सांगत नाही, अजून ऊस तिथेच जातो. शिवाय ऊसतोड मजुरांच्या टोळीची वाट बघा, ड्रायव्हरला खुशाली द्या, आणि मार्चपर्यंत ऊस उभा राहिला की वजनात घट सोसा.

मसुरीला यातलं काही नाही. भात काढलं की वाफ्यातल्या ओलीवर पेरायची, पुढे दवावर वाढते. मोटर नाही की रात्रीची लाईट नाही. फेब्रुवारीत मात्र पहाटे दव असतानाच उपटावी लागते. ऊन चढलं की शेंगा तडकून दाणे भेगांत जातात. आई अजून आम्हाला साडेपाचला उठवते. पुढच्या भाताला युरियाही कमी लागतो, ही कमाई पावतीवर दिसत नाही.

आता धोरणाचा भाग, कारण निर्णय त्यावर फिरू शकतो. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राने डाळींसाठी सहा वर्षांचं 11,440 कोटींचं अभियान मंजूर केलं. नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांनी दिलेली तूर, उडीद, मसूर नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी खरेदी संस्थांनी चार वर्षं हमीभावाने घ्यायची, असं त्यात आहे. आपल्या भागात खरेदी केंद्र उघडणार का, हे कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात जाऊन विचारा. फ्रूट्स आयडी (राज्याचा शेतकरी नोंदणी क्रमांक) असला आणि जमिनीच्या उताऱ्यावर पीक म्हणून मसूर चढली तरच बोलणं पुढे जातं.

राज्याचं धोरण तर मला अजूनच कोड्यात टाकतं. अन्नभाग्य या रेशनवरच्या मोफत तांदळाच्या योजनेत जादा 5 किलो तांदळाऐवजी जुलै 2023 पासून माणशी 170 रुपये दिले, 2025 मध्ये पुन्हा तांदूळ सुरू झाला, आणि ऑक्टोबरात ठरलं की त्याजागी डाळ, तेल, साखर, मीठ यांचा संच द्यायचा. डाळ द्यायचीच तर बेळगाव जिल्ह्याच्या संचात इथलीच मसूर का नको? शाळेच्या मध्यान्ह आहारात का नको? उसाला गिऱ्हाईक मिळवून देणाऱ्या सरकारला मसुरीला देणं जड नाही.

तोवर माझा सल्ला असा. विहिरीला मेपर्यंत पाणी टिकत असेल, ट्रॅक्टर बांधापर्यंत येत असेल आणि बिल अडकलं तरी घर चालत असेल, तर एक एकर ऊस लावा. दोन्ही एकर नको. बळ्ळारी नाल्याचं पाणी घुसणारी पट्टी असेल तर भात बुडायचा धोका आहेच. ऊस तिथे थोडा तग धरतो, पण टोळी चिखलात उतरत नाही. पाणी विकत घ्यावं लागत असेल तर भात-मसूरच बरी. मसूर व्यापाऱ्याला घालू नका, पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना किलोवर विका. आमची निम्मी तशीच जाते.

बियाण्याची मसूर राख चोळून डब्यात ठेवली आहे. एकरापुरती दहा-बारा किलो हवी असेल तर भातकापणीच्या आधी सांगा.