रोटरी इंजिनचा ‘स्पेशालिस्ट’ आणि माझे ४,०९० पौंड

इंग्लंडात जुनी माझदा आरएक्स-८ बाळगणारे मराठी लोक मोजकेच असतील, पण त्यातल्या एकाने जरी हे वाचलं तरी पुरे. या गाडीत रोटरी इंजिन असतं, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात. ते इंजिन खोलून नव्याने बांधून देतो म्हणून एका ‘रोटरी स्पेशालिस्ट’ने माझे ४,०९० पौंड खाल्ले. इंजिनला त्याने पाना म्हणून लावला नव्हता.

गाडी २००५ ची, २३१ हॉर्सपॉवरवाली. दुखणं नेहमीचंच. सकाळी एका सेल्फमध्ये चालू, पण तापलेली असताना पेट्रोल भरायला बंद केली की नखरे सुरू. ज्यांच्याकडे ही गाडी आहे त्यांना पुढचं सांगायला नको : रोटरच्या कडांचे सील झिजले, कॉम्प्रेशन (इंजिनातला दाब) बसलं, खर्च आला. जवळपासचा कुठलाही मेकॅनिक बॉनेट उघडतो आणि हात वर करतो. अशात ‘मी फक्त रोटरीच करतो’ म्हणणारा भेटला की जीव भांड्यात पडतो. त्याच्याकडे दोन आरएक्स-७ (माझदाचीच आधीची रोटरी गाडी) उभ्या होत्या, भिंतीवर १९९१ ला ल मान्सची शर्यत जिंकलेल्या माझदाच्या रोटरी रेसकारचं, ७८७बीचं पोस्टर. आता वाटतं, त्या आरएक्स-७ पण कुणातरी बापड्याच्याच अडकून पडलेल्या असणार.

त्याने कॉम्प्रेशन तपासल्याचा कागद माझ्याकडे अजून आहे. बॉलपेनने लिहिलेले आकडे, पीएसआयमध्ये : पुढचा रोटर ७२, मागचा ६८. संपलं. अहो, एका रोटरला तीन बाजू, रोटर दोन, म्हणजे आकडे सहा पाहिजेत! शिवाय सेल्फ मारताना इंजिन किती आरपीएमने फिरत होतं तेही पाहिजे, कारण माझदाची किमान मर्यादा, ६.९ किलो प्रति चौरस सेंटिमीटर (साधारण ९८ पीएसआय), ही २५० आरपीएमला धरलेली आहे. पिस्टन इंजिनचा दाब मोजायचा साधा गेज तीन बाजूंतला सगळ्यात चांगला आकडा तेवढा धरून ठेवतो. एक बाजू पार मेलेली असली तरी पत्ता लागत नाही. हे सगळं मी वाचलेलं होतं. बाकीचे चार कुठायत, असं विचारलंसुद्धा. म्हणाला, सरासरी काढून दिलीय. सरासरी! तिथल्या तिथे किल्ली मागून घ्यायची. पण गाडी रॅम्पवर, चाकं निघालेली, दुसरा रोटरीवाला दीडशे मैलांवर. माझ्या जागी कोणीही असता तरी ‘बरं’ म्हणाला असता.

मग पैसे. आगाऊ १,८००, बँक ट्रान्सफरने, कारण कार्डाचं मशीन ‘बिघडलेलं’. मशीन बिघडलेलं असेल तर दुरुस्त होईपर्यंत थांबा. क्रेडिट कार्डाने थोडी जरी रक्कम दिलेली असती तरी कार्ड कंपनीला जबाबदारी झटकता आली नसती. पुढे ‘हाउसिंगचं (रोटर ज्यात फिरतो त्या कवचाचं) क्रोम उडालंय’ म्हणून ९५०. गाडी ताब्यात देताना १,३४०. जुने सील मागितले तर म्हणे भंगारात गेले. जुने भाग दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

आणि गाडी गरम असतानाही झटक्यात चालू व्हायला लागली! बायको म्हणाली, सुटलो एकदाचे. हिवाळा सरला आणि तेच दुखणं परत. मग मात्र दीडशे मैल गाठले. तिथल्या माणसाने सहा आकडे काढले, दोन्ही रोटर मर्यादेच्या खाली. मग त्याने मला गाडीखाली नेऊन टॉर्च मारला. इंजिन माउंटच्या नटांवर जुना गंज जशाच्या तसा, पाना लागल्याची एक खूण नाही. त्याच्या शेजारी स्टार्टर मोटर मात्र कोरी करकरीत. जोरात फिरणारा स्टार्टर बसवला की झिजलेलं इंजिनही काही काळ गरम असताना चालू होतं. ४,०९० पौंडांना मला एक स्टार्टर मिळाला.

यानंतरची मजा आणखी वेगळी. पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. म्हटलं, न केलेल्या कामाचे पैसे घेणं ही चोरी नाही? तर एक नंबर दिला. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, हा कामाच्या दर्जावरचा वाद आहे, फ्रॉड नव्हे. दर्जा? काम झालंच नाही तर दर्जा कसला डोंबलाचा? ग्राहक हेल्पलाइनवाल्या बाईंनी गोड आवाजात २०१५ चा कायदा वाचून दाखवला, काम वाजवी काळजीने आणि कौशल्याने झालं पाहिजे वगैरे, आणि तक्रार ‘नोंदवून’ घेतली. कौन्सिलने सांगितलं, वैयक्तिक प्रकरणात आम्ही पडत नाही. ज्याच्या त्याच्याकडे फक्त रेफरन्स नंबर. कर इथे वेळेवर कापला जातो, तेव्हा बरं कुणी दुसऱ्या खिडकीवर पाठवत नाही!

छोट्या दाव्याच्या कोर्टाची फी २०५ पौंड, तीही भरली. त्यानंतर कंपनीज हाउसच्या, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, साइटवर त्याचं नाव टाकलं. फुकट आहे, पाच मिनिटांचं काम, गाडी टाकायच्या आधी करा. याच माणसाची आधीची कंपनी विसर्जित झालेली, आणि आताचीही बंद करण्याचा अर्ज टाकलेला. त्याला मी हरकत नोंदवलीय. घेणेकऱ्याला तशी नोंदवता येते.

मिडलंड्समध्ये कुणी गाडी दाखवायला काढली असेल तर आधी फोनवर एवढंच विचारा : कॉम्प्रेशनचे आकडे किती देणार? ‘दोन’ म्हणाला तर फोन ठेवा आणि मला मेसेज करा, तो हाच आहे का ते सांगतो.