पावती क्रमांक खरा होता, रक्कम खोटी

घरपट्टीच्या बाबतीत माझी जी फसवणूक झाली, तिला माझा आळस बराचसा कारणीभूत होता, हे आधीच मान्य करतो. घर घेतल्यापासून दरवर्षी बिल येत असे आणि मी तळाची एकूण रक्कम तेवढी पाहत असे. मालमत्ता क्रमांक, क्षेत्रफळ, वापराचा प्रकार, करयोग्य मूल्य, मागील थकबाकी, शास्ती म्हणजे उशिराबद्दलचा दंड आणि चालू मागणी हे रकाने मी कधी वाचलेच नव्हते. मधली २ वर्षे तर बिल भरायचेही राहून गेले होते.

दारात आलेल्या गृहस्थाने मात्र ते बारकाईने वाचले होते. बिलावरील ‘वापर : भाडेकरू’ या नोंदीवर बोट ठेवून त्याने विचारले, “साहेब, इथे तर तुम्ही स्वतः राहता ना?” आधीच्या मालकाने घर भाड्याने दिले होते, तेव्हाची ती नोंद तशीच राहिली होती आणि त्यामुळे माझी आकारणी चढ्या दराने होत होती. त्याच्या बोलण्यातील एवढी एकच गोष्ट खरी होती आणि तिच्याच भरवशावर मी पुढचे सगळे मान्य केले. मालमत्ता क्रमांक टाकला की घरपट्टी कार्यालयाच्या संकेतस्थळावर ते बिल कोणालाही पाहता येते, हे मला ठाऊक नव्हते. बिल हाती असलेला माणूस कार्यालयाचाच असणार, असे मी गृहीत धरले.

आकारणी दुरुस्त होईल, शास्तीही माफ होईल, पण थकबाकी आजच भरावी लागेल, असे तो म्हणाला. त्याने दाखवलेला क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर कार्यालयाचे नव्हे, एका व्यक्तीचे नाव आले. मी विचारले, तर ते वसुली अधिकाऱ्याचे खाते असल्याचे त्याने सांगितले. कर कोणाच्याही वैयक्तिक खात्यात जमा होत नसतो, हे न कळण्याइतका मी अडाणी नाही. तरीही पैसे पाठवले.

दोन दिवसांनी पावती आली. पावती क्रमांक मी संकेतस्थळावर टाकून पाहिला, तो सापडला आणि मी निश्चिंत झालो. त्याच ओळीत पुढे असलेली रक्कम पाहिली असती, तर सारा प्रकार तेव्हाच उघड झाला असता. त्याने माझ्या नावावर थकबाकीचा अगदी किरकोळ हिस्सा भरून खरी पावती मिळवली होती आणि तिच्यावरील आकडा बदलून ती मला पाठवली होती. घरपट्टी अंशतः भरता येते, याचा त्याने असा उपयोग केला.

पुढचे बिल आले तेव्हा थकबाकी जवळजवळ तेवढीच होती आणि तिच्यावर शास्ती वाढली होती. तोवर ६ महिने उलटले होते. बँकेने तक्रार नोंदवून घेतली, पण त्या खात्यात काहीच उरले नव्हते. पहिल्या काही तासांत कळवले असते तर रक्कम रोखता येण्याची शक्यता होती, असे तिथल्या अधिकाऱ्याने सांगितले. तिऱ्हाइताला दिलेले पैसे कर म्हणून धरले जात नाहीत आणि थकबाकीचा बोजा घरावर राहतो, त्यामुळे सगळी रक्कम शास्तीसह पुन्हा भरावी लागली.

वापराची नोंद बदलण्यासाठी कार्यालयात साधा अर्ज होता, त्याला शुल्क नव्हते. कर्मचारी घर पाहून गेले आणि चालू मागणी कमी झाली. त्या गृहस्थाने दाखवलेली चूक अशा रीतीने दुरुस्त झाली, पण आधीच्या वर्षांत जादा भरलेला कर परत मिळाला नाही, कारण आक्षेपाची मुदत दर बिलावर छापलेली असे आणि तीही मी वाचली नव्हती.