पॉलिशच्या नावाखाली आजोबांच्या पिस्तुलाची वाट लागली

आमचे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले आणि येताना तिथलं बेरेटा कंपनीचं १९३४ मॉडेलचं पिस्तूल घेऊन आले. वडील गेल्यावर परवाना रीतसर माझ्या नावावर झाला.

अमळनेरला पावसाळ्यात त्यावर बारीक तांबूस ठिपके दिसले. ओळखीतल्या एकाने जिल्ह्यातल्या एका परवानाधारक दुकानाचं नाव सांगितलं. दुकानदार म्हणाला, "दादा, असा गंज काढतो की परत लागायचा नाही." साडेसहा हजार आधीच घेतले.

तीन आठवड्यांनी पिस्तूल परत आलं ते बँडवाल्याच्या पिपाणीसारखं चमचमत. मी येडा, खूशही झालो! घरी एक निवृत्त सुभेदार काका आले, त्यांनी हातात घेतलं आणि गप्पच झाले. मग स्लाइडच्या, म्हणजे वरच्या सरकत्या भागाच्या, डाव्या बाजूवर अंगठा फिरवून म्हणाले, "इथलं साल कुठंय रे?" तिथे १९४२ आणि पुढे रोमन आकड्यांत वीस कोरलेलं होतं, म्हणजे मुसोलिनीच्या राजवटीचं विसावं वर्ष. बफिंगच्या, म्हणजे घासून चकाकी आणायच्या, चाकाने ते सपाट झालं होतं. मूळची निळसर-काळी झाक घासून वर निकेल चढवलेलं. मुठीवरच्या, 'पीबी' (पिएत्रो बेरेटा) अक्षरं असलेल्या जुन्या काळ्या पट्ट्या गायब, तिथे नवं लाकूड. त्या पट्ट्या कुठे विकल्या असतील, देव जाणे.

खरी झोप उडाली ती पिस्तुलावर कोरलेला नंबर बघून. शेवटचे दोन आकडे जेमतेम वाचता येत होते. शस्त्र कायद्याच्या कलम ८ नुसार ओळखखूण मिटवणं गुन्हा आहे आणि अशी वस्तू ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ती मिटवली असं आधी धरलं जातं. परवान्यात नंबर नोंदलेला होता म्हणून वाचलो. त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला.

ते ठिपके पातळ तेल आणि सुती फडक्यानेही निघाले असते, असं काका म्हणाले. तेल लावायचं आणि पुसून घ्यायचं, थबथबलेलं ठेवायचं नाही. पॉलिश पेपर नाही, तारेची घासणी नाही. हाताच्या घामानेही गंज धरतो, म्हणून हातमोजे. आणि चामड्याच्या म्यानात तर ठेवायचंच नाही, चामडं ओल धरतं. आमच्याकडे ते सत्तर वर्षं म्यानातच होतं!

देण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढले असते तर आज भांडायला काहीतरी हातात असतं. दुकानदाराला जाब विचारला तर त्याने माझ्याच सहीची पावती पुढे सरकवली. त्यावर एवढंच लिहिलं होतं: 'पिस्तूल पॉलिश, १ नग'.