घरी ओतलेले शिशाचे जिग: साफसफाई आणि रंगाच्या पद्धतींची तुलना

साच्यातून काढलेला जिग, म्हणजे वर शिशाचे डोके ओतलेला मासेमारीचा गळ, लगेच पाण्यात टाकण्याजोगा नसतो. डोक्यावर ओतीची शेंडी राहिलेली असते, साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे शिशाचा पातळ पापुद्रा बाहेर आलेला असतो आणि गळाच्या कड्यातही कधीकधी शिसे शिरलेले असते. ते कशाने काढायचे आणि नंतर वर काय लावायचे, हे दोन निर्णय इथे करावे लागतात. सोलापूरकडच्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर किंवा हिप्परग्याच्या तलावावर मरळ माशासाठी गळ टाकणारे बहुतेक हौशी लोक दुसऱ्याच निर्णयाचा खल करतात. माझ्या मते पहिला निर्णय अधिक वजनाचा आहे, कारण पापुद्र्याच्या धारदार कडेवर कोणताही रंग टिकत नाही आणि शिसे घरभर पसरते तेही याच टप्प्यावर.

शेंडी काढण्यासाठी पक्कड किंवा तारा तोडण्याचे निप्पर वापरले जाते. गाडीच्या चाकांचा तोल साधणाऱ्या जुन्या वजनांचे शिसे त्यात मिसळलेल्या अँटिमनीमुळे कडक असते; त्याची शेंडी पकडीने एकदोनदा मागेपुढे वाकवली की स्वच्छ तुटते. मऊ, शुद्ध शिसे मात्र तुटण्याऐवजी ओढले जाते आणि डोक्यावर खड्डा पडतो. अशा वेळी निप्परने डोक्यालगत कापून उरलेला बारीक उंचवटा नंतर घालवणे बरे.

खरी तुलना पापुद्र्यापाशी सुरू होते. कानस, धारदार चाकू आणि वॉटर पेपर (पाण्यासोबत वापरायचा घासकागद) असे तीन मार्ग आहेत. कानशीने काम झपाट्याने होते, पण मऊ शिसे तिच्या दातांत भरून बसते आणि थोड्याच वेळात कानस नुसती घसरू लागते. कामाआधी दातांवर खडू घासला आणि मधूनमधून तारेच्या ब्रशने ती झाडली तर हा त्रास बराच कमी होतो. बारीक दातांपेक्षा एकेरी, जाड दातांची कानस घ्यावी. तिचा कीस मोठा पडतो आणि हवेत उडत नाही. चाकूने काम थोडे सावकाश होते, परंतु पाते सांध्यावर जवळजवळ उभे धरून ओढले की पापुद्रा लांब, कुरळ्या पट्टीसारखा निघून येतो, भुकटी जवळपास होतच नाही आणि खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावरचा कीस कोरडाच राहत असल्याने पुढच्या ओतीला परत वापरता येतो. वॉटर पेपरने पृष्ठभाग सर्वांत गुळगुळीत होतो. मात्र तो ओलाच वापरावा लागतो, कारण कोरड्या घासणीची अतिबारीक धूळ श्वासावाटे आत जाते. ओल्या घासणीचा चिखलही वाळला की पुन्हा धूळच होते, म्हणून तो कागदाने टिपून बंद डब्यात ठेवावा, मोरीत सोडू नये. तो वितळलेल्या शिशात तर मुळीच टाकू नये. पाण्याचा थेंब तिथे क्षणात वाफ होतो आणि तप्त शिसे अंगावर उसळते.

ही काळजी अनाठायी वाटू नये. रक्तातील शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि लहान मुलांना त्याचा धोका सर्वाधिक असतो. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर 2017 पासून दशलक्षात 90 भागांची मर्यादा आहे. इथे तर रंगाखालचा अख्खा गोळाच शिशाचा आहे. ज्यांचे घर दोन खोल्यांचे आहे आणि त्यात मुले वावरतात, त्यांनी चाकूच निवडावा आणि तोही घराबाहेर. स्वतंत्र शेड असेल तर कानस चालेल. जाता जाता एक स्पष्टच सांगतो: काम चालू असताना तळहातावर तंबाखू मळण्याची आपल्याकडची सवय या छंदात फार महागात पडणारी आहे. आधी हात साबणाने धुवावेत.

काही जण रंग नीट धरावा म्हणून जिग व्हिनेगरमध्ये बुडवतात. त्यातून शिशाचा पाण्यात सहज विरघळणारा विषारी क्षार तयार होतो, त्यामुळे हा उपाय टाळावा. थिनरच्या फडक्याने बोटांचा तेलकटपणा पुसला तरी पुरते. नुकतेच खरवडलेले शिसे चकचकीत दिसते आणि हवेत लवकरच काळवंडते, म्हणून साफसफाईनंतर रंगाला फार दिवस लावू नयेत.

रंगांमध्ये नेलपॉलिश सर्वांत सोपी आहे. ब्रश बाटलीतच असतो, थर काही मिनिटांत वाळतो आणि चमकीच्या छटाही सहज मिळतात. तिचे दोष पाण्यात गेल्यावर कळतात: दगडावर आपटल्यावर शिसे दबते आणि वरचा कडक थर टवका होऊन निघतो. जिगावर मऊ प्लास्टिकचे आमिष लावत असाल, तर त्यातील तेलकट घटकाने ती चिकट होऊन विरघळू लागते. ऑइल पेंट त्यापेक्षा टिकाऊ, पण सावकाश काम आहे. आधी प्रायमर, मग दोन पातळ थर आणि प्रत्येक थराला रात्रभर वेळ असा त्याचा हिशोब आहे. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तो लवकर वाळतो खरा. मात्र गच्चीवर टांगलेल्या ओल्या रंगावर वाऱ्याची धूळ बसून तो खरखरीत होतो. तेव्हा वाळवण घरात, पण हवेशीर जागी करावी. दोन्ही प्रकारांत भडक फ्लोरोसंट रंगाखाली पांढरा थर हवाच, नाहीतर शिशाचा करडेपणा वर डोकावतो.

पावडर पेंटची गोष्ट वेगळी आहे. जिग पकडीने गळाच्या बाजूने धरून हॉट एअर गनने तापवतात, पावडरीत क्षणभर बुडवून बाहेर काढतात आणि रंग तिथेच वितळून चकाकतो. तो खरखरीत, निस्तेज राहिला तर जिग पुरेसा तापला नव्हता असे समजावे. खाली थेंब लोंबू लागला तर जिग जास्त तापला किंवा थर जाड झाला. नंतर ओव्हनमध्ये टांगून साधारण 175 अंश सेल्सिअसवर पंधरा-वीस मिनिटे भाजावे लागते. औद्योगिक पावडरींना याहून अधिक तापमान लागू शकते, त्यामुळे पाकिटावरील आकडा पाहावा. शिसे 327 अंशांवर वितळत असल्याने ओव्हनमध्ये भीती नाही, पण गॅसच्या ज्योतीवर थेट धरलेला जिग हातातच ओघळू शकतो. ओव्हन मात्र या कामालाच वेगळा ठेवलेला हवा. ज्यात नानकटाई भाजता, त्यात शिसे नको. पुरेसा भाजलेला पावडरीचा थर दगडाचा मार नेलपॉलिशपेक्षा किती तरी अधिक सोसतो आणि प्लास्टिकच्या आमिषालाही सहसा दाद देत नाही. भाजणी चुकवली तर हा फायदा उरत नाही.

एवढ्यावरून पावडरच घ्यावी असे मी म्हणणार नाही. फुगवट्यात बुडालेल्या झाडांच्या खोडांमध्ये गळ टाकणाऱ्याचे जिग रंग उडण्याआधीच तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) तुटून तळाशी जातात. त्याला नेलपॉलिश, किंबहुना नुसते साफ केलेले शिसेही पुरते. मोकळ्या पाण्यात तेच जिग हंगामभर वापरणाऱ्याला पावडरीचा खटाटोप परवडतो. ओव्हनसाठी वेगळा खर्च करायचा नाही, पण रंग महिनाभर तरी टिकावा असे वाटते, त्याने ऑइल पेंट घ्यावा.

गळाच्या कड्यात रंग भरतो तो तिन्ही प्रकारांत, पण काढण्याची वेळ वेगवेगळी आहे. पावडर भाजण्याआधी, जिग गरम असतानाच जुन्या गळाच्या टोकाने काढावी. ऑइल पेंट ओला असतानाच पुसावा. नेलपॉलिश वाळल्यावरही टोचून निघते. मात्र कड्याच्या आतील कडेवर खरखर राहिली तर तंगूस तिथेच झिजते, म्हणून बांधण्याआधी दोऱ्याचा एक तुकडा कड्यातून ओढून पाहावा.