मुलांचा चष्मा: दुकान खात्रीचं, फक्त वेळ पाळत नाहीत

पाचपैकी चार. दोन दिवसांत देतो म्हणून सहा दिवस लावले, त्याचा एक तारा कापलाय.

लेक तिसरीत. घरी गोष्टीचं पुस्तक घडाघडा वाचते आणि फळ्यावरून उतरवलेल्या वहीत मात्र 'घर'चं 'धर', 'भात'चा 'मात', अनुस्वार तर सगळेच गायब. बाईंचा शेरा, 'लक्ष नसते. शेजारणीच्या वहीत बघून लिहिते.' मी दोन महिने घ-ध गिरवून घेतले, वर ओरडले ते वेगळंच. मग एकदा म्हटलं, आज तारीख काय गं? तर पलंगावरून उठून कॅलेंडरला नाक लावून उभी. ते एवढाले आकडे! शेजारणीची वही हाच तिचा फळा होता. (जिल्हा परिषदेच्या शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येऊन डोळे तरी बघतं. आमची शाळा खासगी.)

दुकानात मशीनवर मायनस २.७५ आला. मी लगेच फ्रेम निवडायला लागले, तर काका म्हणाले, "ताई, या नंबरवर मी चष्मा करणार नाही. लहान पोरं मशीनमध्ये डोळा ताणून बघतात, मायनस जास्त येतो. डॉक्टरांकडून थेंब घालून तपासून आणा." हातातलं गिऱ्हाईक असं परत पाठवलं, म्हणून तर हे लिहितेय. थेंबांनी बाहुल्या टपोऱ्या झाल्या, उन्हात डोळे उघडवेनात, दुसऱ्या दिवशी जवळचं वाचता येईना म्हणून शाळा बुडाली. पण खरा नंबर निघाला मायनस १.५. सव्वा नंबर जादा घेऊन पोरगी हिंडली असती.

फ्रेम आणि पॉलीकार्बोनेटच्या काचा मिळून १८५० रुपये. काच पडली तरी फुटत नाही, दोनदा अनुभव घेतलाय. चरे मात्र भराभर पडतात, कारण आमच्याकडे काच पुसायचं फडकं डबीत आणि पुसणं फ्रॉकला.

चष्मा नाकावरून घसरायचा. दोनदा जाऊन कानामागच्या दांड्या वाकवून आणल्या, पैसे घेतले नाहीत. संध्याकाळी सातनंतर जाऊ नका, गर्दीत काका नीट बोलत नाहीत.