लुक्लाला कुठून उडायचं : काठमांडू की रामेछाप?

एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक ठरला की तो जिथून सुरू होतो त्या लुक्लाच्या विमानाचा प्रश्न येतोच. काठमांडूहून थेट जायचं, की आधी गाडीने रामेछाप जिल्ह्यातलं मंथली गाठून तिथून उडायचं?

काठमांडू ते लुक्ला हवाई अंतर साधारण 135 किलोमीटर, विमानाला 30 ते 35 मिनिटं लागतात. मंथलीहून हेच अंतर 75 किलोमीटरच्या आत येतं आणि 15-20 मिनिटांत तुम्ही लुक्लाला. पण त्या मंथलीला पोचायला काठमांडूहून सुमारे 130 किलोमीटरचा डोंगरी रस्ता आहे, चार ते सहा तासांचा. हॉटेल सोडल्यापासून लुक्लात उतरेपर्यंतचा वेळ धरला तर काठमांडूच सरस.

हा हिशेब विमान वेळेवर सुटलं तरच खरा. लुक्लाची धावपट्टी जेमतेम 527 मीटर लांब, तीही जवळपास 12 टक्के चढाची. उपकरणांच्या भरवशावर इथे उतरता येत नाही, वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी दिसावी लागते. दुपारकडे वारा आणि ढग वाढतात, म्हणून जे काही उडायचं ते सकाळीच. काठमांडूला नेमकी तेव्हा मोठ्या विमानांची गर्दी असते, त्यात ही छोटी विमानं रांगेत ताटकळतात. मंथलीला तशी गर्दी नाही आणि अंतरही निम्मं, त्यामुळे तेच विमान एका सकाळीत कितीतरी जास्त फेऱ्या मारतं. आदल्या दिवशी हवामानामुळे अडकलेले प्रवासीही इथून लवकर मार्गी लागतात. मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या हंगामात लुक्लाची बहुतेक उड्डाणं मंथलीला हलवतात, ती यासाठीच.

मंथलीचा खरा त्रास रस्त्याचा. पहाटेचं विमान असेल तर काठमांडूहून मध्यरात्रीनंतर एक-दोनला निघावं लागतं. सप्टेंबर 2024च्या पुरात मंथलीच्या वाटेवरच्या बीपी महामार्गाचा रोशी नदीकाठचा भाग जागोजागी वाहून गेला होता. त्यामुळे निघण्याआधी रस्त्याची ताजी स्थिती विचारून घ्या. ज्यांना गाडी लागते किंवा सोबत ज्येष्ठ मंडळी आहेत, त्यांनी रात्रीचा प्रवास करूच नये. आदल्या दिवशी उजेडात निघून मंथलीत मुक्काम करावा. गाव तामाकोशी नदीच्या काठी, जेमतेम पावणेपाचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे तिथे चांगलंच उकडतं. जाड कपडे सामानात ठेवा, अंगावर नकोत.

सामानाची मर्यादा दोन्हीकडे सारखीच : साधारणपणे हातातली पिशवी धरून 15 किलो. लुक्ला सुमारे 2,850 मीटरवर आहे. कुठूनही उडालात तरी पहिला मुक्काम लुक्लात न करता ट्रेकच्या वाटेवरच्या, थोड्या खालच्या फाकडिंग गावात करणं शरीराला सोपं जातं.

माझं मत विचाराल तर डिसेंबर ते फेब्रुवारीत थेट उड्डाण मिळत असेल तर काठमांडूच घ्या. हंगामात मात्र थेट तिकिटाच्या मागे न लागता मंथली स्वीकारा आणि त्या एका मुक्कामाचे पैसे बजेटमध्ये धरा.

परतताना हाच क्रम उलटा होतो, आणि लुक्लात ढग बसले तर दिवस जातो. म्हणून काठमांडूहून मुंबईचं तिकीट लुक्ला सोडायच्या दिवसानंतर किमान दोन दिवस मोकळे ठेवूनच काढा.